बेल एकदाच दाबावी

माझा आणि पिनेचा संबंध तसा चोवीस वर्षांचा आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. बँकेत चिकटलो तेव्हा टाचणीलाच पिन म्हणत आणि ती व्हाउचरला लावता लावता बोटाला लावणे हे नव्या कारकुनाचे पहिले काम असे. नोटांच्या गड्ड्यांना पिना मारू नयेत असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम 2001 साली निघाला. त्याच सुमारास मी कामाला लागल्यामुळे तो हुकूम माझीच बोटे पाहून निघाला असावा, असे मला बरेच दिवस वाटत होते. पुढे एटीएम आले आणि पिन आकड्यांची झाली. ती टोचत नसे, पण लोकांच्या लक्षातही राहत नसे. 'साहेब, माझी पिन सांगा ना' असे म्हणत काउंटरवर येणाऱ्यांना ती मला माहीत नसते हे पटवण्यात माझी काही वर्षे गेली.

तिसऱ्या प्रकारची पिन मात्र माझ्या आयुष्यात शेहेचाळिसाव्या वर्षी आली. ही पिन एका हिरव्या पट्टीला असते आणि तिला 'चालू हो' म्हटले की ती चालू होते. बँकेत चोवीस वर्षे काढलेल्या माणसाला, सांगितले की लगेच ऐकणारी वस्तू पाहून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पण हे प्रकरण मुळात पिनेपासून सुरू झाले नाही. ते सुरू झाले आमच्या आबांच्या कानापासून.

आम्ही रिद्धपूरचे. मोर्शी तालुक्यातले हे गाव तुम्हांला ठाऊक असेलच, नसेल तर मराठीच्या पेपरात तुमचे दोन मार्क गेले असे समजा. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते इथे, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही इथेच झाले आहे. आबा इथल्याच परिसरात प्राथमिक शिक्षक होते. अख्खे गाव त्यांना गुरुजी म्हणते. चाळीस वर्षे पोरांचे कान पिळल्यावर निसर्गाने त्यांच्या कानांवर हिशेब चुकता केला. कानात घालायचे यंत्र आम्ही आणून दिले. ते त्यांनी दोन दिवस वापरले आणि टेबलाच्या खणात ठेवून दिले. कारण विचारले तर म्हणाले, "त्याच्यात सगळ्याईचंच ऐकू येते." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

आबांचे एकच जिवलग मित्र. निवृत्त पोस्टमन. गाव त्यांना पोस्टमनकाका म्हणते आणि आबा त्यांना 'पोष्ट्या' म्हणतात. हा अधिकार फक्त आबांचा. दर रविवारी दुपारी काका आमच्याकडे येत. बेल वाजवत ती दोनदा. लागोपाठ, ट्रिंग-ट्रिंग. आयुष्यभर सायकलची घंटी वाजवलेल्या अंगठ्याला एकदा दाबून समाधान होत नसे.

गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे एका लग्नाला गेलो होतो. घरी आबा एकटे. विदर्भातली मे महिन्यातली दुपार म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगून पटायचे नाही. पाखरूसुद्धा सावली सोडत नाही. आबा खोलीत कूलरसमोर बसून पेपर वाचत होते. आमचा कूलर चालू असला की ऐकू येणाऱ्यालाही ऐकू येत नाही. आणि त्या उन्हात पोस्टमनकाका डोक्याला दुपट्टा बांधून दारात उभे. त्यांनी दोनदा बेल दाबली. थांबले. पुन्हा दोनदा दाबली. खिडकीतून त्यांना गुरुजींच्या हातातल्या पेपराचे पान उलटताना दिसले, आणि तिथेच घात झाला. दहा मिनिटे उभे राहून ते परत गेले आणि गावात सांगते झाले, "गुरुजी घरात हाय, पेपर वाचून रायला, पण दार नाई उघडत. आपून कायले जाव मंग?"

हे आबांच्या कानावर आले. म्हणजे मीच ओरडून सांगितले. आबा म्हणाले, "त्याले सांग, मले ऐकू नाई आलं." मी सांगायला गेलो तर काका म्हणाले, "तीस वर्सं आलं ना ऐकू!" मग आबांनाही राग आला. "इतकी वर्सं येते, याले माहीत नाई मी बहिरा हाय ते?" सत्तरी उलटलेली दोन माणसे शाळकरी पोरांसारखी अबोला धरून बसली. रविवारच्या दुपारी आबा दार सताड उघडे ठेवून समोरच बसू लागले. मात्र कोणी विचारले की म्हणत, "हवा येते." त्या हवेने आमचा भात करपत होता.

हे मला पाहवेना. मी घरात जाहीर केले की, आबांच्या खोलीत बेलबरोबर पेटणारा दिवा लावायचा. गावातला वायरमन म्हणाला, "साहेब, बेलच्या वायरवरच एक बल्ब जोडून देतो. शंभर रुपये." सूचना उत्तम होती. पण असा बल्ब बटनावर बोट आहे तोपर्यंतच पेटणार. तेवढ्यात आबांचे डोके पेपरात असले म्हणजे संपले. दिवा मिनिटभर तरी उघडझाप करत राहिला पाहिजे.

"बाबा, एवढंच ना? आपण घरीच बनवू," आमची कन्या म्हणाली. ती अमरावतीला डिप्लोमा करते. सुटीत घरी आली की घरातली एखादी चालू वस्तू उघडून पाहते, म्हणून आम्ही तिच्या सुटीत मिक्सर शेजाऱ्यांकडे ठेवतो. तिने पिशवीतून एक हिरवी पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. 51 मिलिमीटर लांब, 21 मिलिमीटर रुंद. दोन्ही कडांना वीस वीस, एकूण 40 पिना. नाव रास्पबेरी पाय पिको. हे 2021 साली इंग्लंडात निघाले तेव्हा किंमत होती चार डॉलर.

"ह्याच्यात दोन कोअर आहेत," ती म्हणाली.

कोअर म्हटले की आम्हांला कोअर बँकिंग आठवते, आणि कोअर बँकिंग म्हटले की 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य. मी पट्टी लगेच परत केली. पण तिने समजावले की कोअर म्हणजे हिशेब करणारा मेंदू. साध्या चिपमध्ये एक असतो, हिच्यात दोन आहेत. पहिल्याचे नाव शून्य आणि दुसऱ्याचे एक. प्रत्येक जण सेकंदाला 13 कोटी 30 लाख ठोक्यांच्या तालावर काम करू शकतो. मी मनातल्या मनात आमच्या शाखेचा वेग काढून पाहिला आणि विषय बदलला.

दोन मेंदू एका कामाला जुंपायचे म्हटल्यावर मला आमच्या वऱ्हाडाचा अभिमान उफाळून आला. कारण हा उद्योग मोठ्या प्रमाणावर करणारा माणूस आमच्याच भागातला. डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. अमेरिका आपला महासंगणक द्यायला कां कूं करू लागली, तेव्हा 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि 1991 साली 'परम 8000' उभा राहिला. एकच प्रचंड मेंदू मिळत नाही ना, मग ट्रान्सप्यूटर नावाच्या पुष्कळशा लहान चिपा एकमेकींना जोडून त्यांच्यात काम वाटून द्यायचे, ही त्यामागची युक्ती. मी मुलीला म्हटले, "मुरंब्याच्या माणसाला एवढ्या चिपा जमल्या, रिद्धपूरच्या माणसाला दोन जमणार नाहीत?" ती म्हणाली, "बाबा, ते इंजिनिअर होते." डिप्लोमाला घातल्यापासून मुलगी फार स्पष्ट बोलते.

पहिला धडा रात्री जेवणानंतर सुरू झाला. पट्टीवरचे एकुलते एक बटन दाबून धरायचे आणि तसेच धरून तिची वायर कॉम्प्युटरला लावायची. म्हणजे पट्टी कॉम्प्युटरला पेन ड्राइव्हसारखी दिसते आणि तिच्यात भाषेची फाइल टाकता येते. तीन वेळा मी बटन आधी सोडले. चौथ्यांदा वायर लावायला विसरलो. मग मात्र जमले. पट्टीवरच एक बारीकसा दिवा असतो, तो 25 नंबरच्या पिनेला जोडलेला. मी मुलीच्या सांगण्यावरून चार ओळी टाइप केल्या आणि तो दिवा पेटला.

वाचकहो, हसू नका. चोवीस वर्षांत मी लाखो नोंदी केल्या असतील, पण एकीनेही उजेड पाडला नव्हता.

"आता टॉगल करा," मुलगी म्हणाली.

"म्हणजे?"

"पेटलेला असेल तर विझवायचा, विझलेला असेल तर पेटवायचा. तो कसा आहे ते आपण नाही सांगायचं."

आबा आमच्या हालचाली चष्म्यावरून पाहत होते. "काय करून रायले बे दोघं?" मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "टॉगल!" आबा म्हणाले, "मराठीत सांग. रिद्धपुरात बसला हायेस." मी अर्थ सांगितला. आबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "पालट." झाले. विद्यापीठाला कळायच्या आत एक शब्द गावात तयार झाला. आमच्या घरात तेव्हापासून पिन टॉगल होत नाही, पालटते.

दुसऱ्या दिवशी खरी अडचण कळली. दिवा अर्ध्या सेकंदाने पालटायचा, तर मधला अर्धा सेकंद मेंदूला 'थांब' म्हणून सांगावे लागते. थांब म्हटले की तो इतका थांबतो की बटन दाबलेलेही पाहत नाही. काउंटरवर रांग असताना चहाला गेलेला कारकून तो हाच. मला त्याचा राग येईना. उलट बंधुभाव वाटला. पण आबांच्या दारात पुन्हा कोणी ताटकळत उभे राहणे परवडणारे नव्हते. तेव्हा ठरले की शून्य नंबरच्या मेंदूने बटनाकडे डोळे लावून बसायचे आणि बेल वाजवायची, आणि एक नंबरच्याने फक्त दिव्याचे पाहायचे. "तशी हुशारी केली तर एकाच कोअरमध्येही होतं हे," मुलगी म्हणाली, "पण दुसरा आहेच तर बसून कशाला राहील?" आमच्या शाखेत या तत्त्वाचा प्रसार व्हायला हवा.

काम वाटण्यापूर्वी तिने मला एक गंमत दाखवली. दोघांनाही तिने एकाच दिव्यावर बसवले आणि सांगितले: दिवा कसा आहे ते पाहा, त्याच्या उलट लिहा. आणि दिव्याला वेड लागले. कधी नीट पालटे, कधी दोघांनी पालटूनही एकदाच पालटलेला दिसे.

"काय झालं सांगा बरं?"

हे मात्र मला कोणी शिकवायला नको होते. लेजरच्या काळातल्या जुन्या सहकाऱ्यांकडून मी हे ऐकले होते. खात्यावर शंभर रुपये आहेत. दोन कारकुनांनी एकाच वेळी लेजरमध्ये डोकावून शंभर हा आकडा वाचला. दोघांकडे पन्नास-पन्नासचा भरणा आहे. दोघांनीही शंभर अधिक पन्नास करून दीडशे लिहिले. खातेदाराने भरले शंभर, चढले पन्नास. उरलेले पन्नास कुठे गेले हे शोधायला रात्री नऊपर्यंत दिवे जळत. तसेच इथे झाले. दोघांनीही दिवा 'बंद' असा वाचला आणि दोघांनीही 'चालू' असे लिहिले. पालट झाले दोन, दिसला एक.

"बरोब्बर!" मुलगी म्हणाली. बापाला काही येते हे पाहून तिला झालेला आनंद मी जपून ठेवला आहे.

आणि त्याहून वाईट म्हणजे सगळ्या पिनांची खाती या चिपमध्ये एकाच पानावर असतात. आपली एक नोंद बदलायला कोणी अख्खे पान उतरवून पुन्हा लिहू लागला, तर तेवढ्या वेळात शेजाऱ्याने केलेली नोंद पुसली जाते. म्हणून चिप बनवणाऱ्यांनी सोय केली आहे. पान वाचायचेच नाही. तीन वेगळ्या खिडक्या आहेत. एकीवर चिठ्ठी टाकली की पिन चालू, दुसरीवर टाकली की बंद, तिसरीवर टाकली की पालट. आमच्या भाषेत जमा, नावे आणि उलट नोंद. शिल्लक किती होती ते विचारायचे नाही, फक्त व्हाउचर द्यायचे. दोघांनी एकाच वेळी दिले तरी दोन्ही धरली जातात.

"आणि दोघांनी एकाच वेळी पालट म्हटलं तर?"

"मग दोनदा पालटून दिवा होता तसाच. आपल्या जिन्यासारखं."

आमच्या जिन्याचा दिवा खालूनही लागतो आणि वरूनही. मी खालून आणि सौभाग्यवतींनी वरून एकाच क्षणी बटन दाबले की अंधार तसाच राहतो आणि दोघांनाही वाटते, दुसऱ्याने मुद्दाम केले. संसारातला बराचसा अंधार असाच असतो.

एव्हाना माझा आत्मविश्वास वाढला होता. मी मुलीला म्हटले, "आता मी एकटा करतो." ती हसली आणि अमरावतीला निघून गेली. पुढची कहाणी एकट्याची आहे, त्यामुळे थोडी करुण आहे.

मी साधा विचार केला. बटन दाबले की दिवा पालटायचा. एकदा दाबले की लागला. दार उघडले की कोणीतरी पुन्हा दाबून बंद करील. दारावर नवे बटन लावले. बेल आणि दिवा रिले नावाच्या डबीतून जोडून घेतले. ते काम वायरमननेच केले, कारण 230 व्होल्टच्या तारेला मी हात लावायचा नाही असा घरात एकमताने ठराव आहे. सगळे झाल्यावर मी बाहेर जाऊन ऐटीत बटन दाबले. आत सौ. उभी होती. "लागला?" "हो." पुन्हा दाबले. "विझला?" "नाही." पुन्हा. "आता?" "लागला, विझला, काय केलं ते तुम्हालाच माहीत!"

फोनवर मुलीने निदान केले. आपण एकदा दाबतो, पण बटनाच्या आतली पत्री टाचणीसारखी थरथरते. काही हजारांश सेकंदांत ती पाच-सहा वेळा चिकटते नि सुटते. एवढ्या वेगवान मेंदूला ती प्रत्येक थरथर वेगळी दिसते. आपण एक चेक द्यावा आणि कॅशिअरने त्यावर सहा शिक्के मारावेत तसे. पालट सम संख्येने झाले की दिवा होता तिथेच. उपाय असा की पहिला स्पर्श धरायचा आणि मग पन्नास हजारांश सेकंद डोळे मिटून घ्यायचे. मी तसे केले. दिवा शहाण्यासारखा वागू लागला.

आणि मग मध्यरात्री मी दचकून उठून बसलो. पोस्टमनकाका बेल दोनदा दाबतात! पहिल्यांदा दाबली की दिवा लागणार, दुसऱ्यांदा दाबली की विझणार. जगातल्या सगळ्या पाहुण्यांना आमच्या घरात उजेड, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप त्याला मात्र अंधार! सौ. ला उठवून हे सांगितले. ती म्हणाली, "सकाळी सांगा."

सकाळी मी पुन्हा आखणी केली. बटनाने दिवा थेट पालटायचा नाहीच. शून्य नंबरने बटन पाहून फक्त एक निशाण वर करायचे. ते निशाण पाहून एक नंबरने दिवा अर्ध्या अर्ध्या सेकंदाने 120 वेळा पालटायचा. म्हणजे मिनिटभर उघडझाप. मधे कोणी पुन्हा दाबली तरी मोजणी पहिल्यापासून, विझणे नाही. या चिपमध्ये दोन मेंदूंनी एकमेकांना निरोप पाठवावेत म्हणून दोन्ही बाजूंना टपालाच्या पेट्याही असतात, एका पेटीत आठ निरोप मावतात. पोस्टमनच्या कामासाठी टपालपेटीच वापरावी असा मोह झाला होता, पण निशाणावर भागले.

पहिल्या रात्री 120 च्या ऐवजी माझ्याकडून 121 टाइप झाले. सम आणि विषम यांत एकाचाच फरक असतो, पण शेवटच्या पालटीने दिवा लागला तो लागलेलाच राहिला. संध्याकाळी दूधवाला बेल वाजवून गेला होता. आबा बिचारे रात्रीतून पाच वेळा उठून दार उघडून आले. पाचव्यांदा कुत्र्याला "या, बसा" म्हणाले. सकाळी मी तो एक आकडा कमी केला आणि आमचा ताळेबंद जुळला.

दिवा तयार झाला, पण बेल वाजवणारा कुठे होता? पावसाळा गेला, दिवाळी गेली. काका काही येईनात.

मला वाचवले नोव्हेंबर महिन्याने. नोव्हेंबरात पेन्शनर लोक बँकेत येऊन आपण जिवंत असल्याचे सिद्ध करतात. काकांचे पेन्शन आमच्याच शाखेत. एका सकाळी ते माझ्या काउंटरवर येऊन उभे राहिले. मी त्यांचा अंगठा यंत्रावर ठेवला. उमटला नाही. पुन्हा ठेवला. तीस-पस्तीस वर्षे पत्रे वाटून आणि घंट्या वाजवून त्या अंगठ्याच्या रेघा झिजल्या होत्या. तिसऱ्यांदा हिरवी खूण आली. काका एक वर्ष आणखी जिवंत ठरले.

"काका," मी म्हटले, "घरी नवी बेल लावली. आबांच्या खोलीत दिवा लागतो. रविवारी या ना. फक्त एक करा, बेल एकदाच दाबा. दिवा नवा आहे, घोळ नको."

काकांनी अंगठा पुसला. "एकदाच?"

"एकदाच."

"जमन का नाई सांगता येत नाई बाप्पा," ते म्हणाले. येईन म्हणाले नाहीत, येत नाही असेही म्हणाले नाहीत.

रविवारी मी जेवलोच नाही नीट. दोन वाजता खिडकीतून दुपट्टा दिसला. काका दारात आले. बटनावर अंगठा ठेवला, दाबला. दुसऱ्यांदा अंगठा वर उचलला, आणि मोठ्या कष्टाने खाली घेतला. तो संयम मी पडद्याआडून पाहिला. आत बेल वाजली आणि आबांच्या डोक्यावरचा दिवा पेटू-विझू लागला. शून्य नंबरने आपले काम केले. एक नंबरने आपले केले. सगळ्या पिना आज्ञेत होत्या.

आबांनी वर पाहिले. दिवा पाहिला. आणि पुन्हा पेपरात डोके घातले.

माझ्या छातीत धस्स झाले. सौ. माझ्याकडे पाहू लागली. मिनिटभराची उघडझाप संपत आली. दारात काकांचा चेहरा पुन्हा मे महिन्यातल्यासारखा होऊ लागला. मी धावत जाऊन आबांच्या कानाशी ओरडलो, "आबा, दिवा लागला ना! दार उघडा की!"

"तू उघड," आबा म्हणाले. "कोणी तरी दुसराच हाय. पोष्ट्या असता तर दोनदा दाबली असती. एकदाच लागला ना दिवा."

मी कपाळाला हात लावला. दिवा किती वेळा लागतो ते मीच ठरवले होते आणि बेल किती वेळा दाबायची तेही मीच. पण आबा एवढे दिवस दार उघडे ठेवून ज्याची वाट पाहत होते, त्याची ओळख नेमकी मी पुसून टाकली होती. चिपमधल्या कारकुनाने शेजाऱ्याची नोंद पुसू नये म्हणून एवढी काळजी घेतली, आणि इथे मीच अख्खे पान नव्याने लिहून बसलो होतो.

तेवढ्यात दारातून आवाज आला. ट्रिंग-ट्रिंग. काकांचा धीर सुटला होता. निशाण पुन्हा वर गेले, दिवा पुन्हा पहिल्यापासून उघडझाप करू लागला. दोन बोटे दाखवून मी आबांना खूण केली. आबा उठले. इतक्या चटकन उठताना मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिले नव्हते.

दार उघडले. दोघे एकमेकांकडे पाहत उभे राहिले.

"किती टाइम लावला बे!" काका म्हणाले.

"तुह्या अंगठ्याले काय झालं होतं?" आबा म्हणाले.

"तुह्या पोरानंच सांगतलं, एकदाच दाब म्हून."

"त्याले काय समजते? बँकेत हाय तो."

एवढ्यावर सहा महिन्यांचा अबोला मिटला. दोघे आत जाऊन बसले आणि मला चहा टाकायला सांगण्यात आले. माझ्या दिव्याचे कौतुक कोणी केले नाही. मात्र संध्याकाळपर्यंत दोघांनी आळीपाळीने दारात जाऊन बेल दाबून तो पंधरा-वीस वेळा लावून पाहिला.

त्याच रात्री मी मुलीला फोन केला आणि आम्ही शेवटची दुरुस्ती केली. बटन एकदा दाबले की दिवा साधी उघडझाप करतो. सेकंदभरात दोनदा दाबले की तो दोनदा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा दोनदा लुकलुकतो. तसा दिवा लागला की आबा पेपर खाली न ठेवता म्हणतात, "पोष्ट्या आला." आणि मगच पेपर खाली ठेवतात. कान गेले ते गेले, पण ट्रिंग-ट्रिंग त्यांना परत मिळाली.

त्या पट्टीच्या 40 पिनांपैकी कामाला लावता येण्याजोग्या 26 आहेत. आम्ही वापरतो तीन. एक बटनाची, एक बेलची, एक दिव्याची. उरलेल्या 23 नुसत्या उभ्या आहेत. एवढ्या जणांना बसवून तिघांकडूनच काम करून घेणे बरोबर नाही, असे मुलगी म्हणते. पण मी बँकेतला माणूस आहे. मला त्यात काही चुकल्यासारखे वाटत नाही.